वरमाईने पाय धुतले

गुजरातेत दारूला बंदी आहे, दारूच्या सहलींना नाही. अलकापुरीतल्या मोहनाबाईंनी ही फट बरोबर हेरली होती. बडोद्याची मंडळी बसमध्ये भरून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत न्यायची, वाइन चाखवून परत आणायची, हा त्यांचा धंदा. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत तर त्यांनी एका हॉटेलच्या हिरवळीवर चक्क द्राक्षतोडणीचा सोहळा मांडला. काळी द्राक्षं टेम्पोने आणली, ती तुडवायला लाकडी हौद आणला आणि वाइनच्या उंच पेल्यांतून कोकम सरबत फिरवलं. दारात 'सर्वांचे स्वागत' असा फलक होता. अट एकच, हौदात पाय धुऊन अनवाणी उतरायचं.

निमंत्रणातली ती अट कारेलीबागेतल्या प्रेमलाने दोनदा वाचली. लेक शलाकाच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही पायांवर घोट्यापर्यंत कोड उतरलं होतं. तेव्हापासून ती बारा महिने मोजे घाली आणि विचारणाऱ्याला भेगा पडल्यात म्हणून सांगे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हिने पाय झाकले. हा रोग कुणाला लागत नाही, असं डॉक्टर सांगून थकले. पण डॉक्टर काही मुलीला स्थळ आणून देत नाहीत. शलाकाचं मोहनाबाईंच्या समरजितशी ठरत आलं होतं. शलाकाचे वडील गोविंदराव मकरपुऱ्यातल्या कारखान्यात सुपरवायझर. असं घर त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं.

"मी लांबच बसेन," प्रेमला म्हणाली.

"बस. पण काही झालं तरी मोजे काढायचे नाहीत," शलाकाने बजावलं.

हिरवळीवर मोहनाबाई "आवो, आवो" करत आल्यागेल्याला हाताला धरून आत नेत होत्या. प्रेमलालाही त्यांनी तसंच हाताला धरलं आणि थेट हौदाशेजारच्या खुर्चीवर बसवलं. समोर कोमट पाण्याचं घंगाळ तयार होतं.

"लग्नात तुम्ही माझे पाय धुणार, रीतच आहे ती," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पण आता जमाना बदलला ने. आज वरमाई मुलीच्या आईचे पाय धुणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोहनाबाईंचे कान आधीच भरले होते. पण तोंडावर विचारतील अशा त्या अडाणी नव्हत्या. त्यांना शोभेलशा रीतीने त्या खात्री करून घेत होत्या.

"नको हो, भेगा आहेत," प्रेमला म्हणेपर्यंत त्यांनी लहान मुलाचे काढावेत तसे मोजे ओढून काढले. टाळ्या थांबल्या. मोहनाबाईंनी मात्र पाय सोडले नाहीत. दोन्ही पाय सावकाश धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि टॉवेलने टिपले. मग मान वर न करता विचारलं, "शलाका, तुला कुठे आहेत का गं?"

"मला कशाला असतील?" शलाका म्हणाली. "ही माझी सख्खी आई नाहीये. सावत्र आहे."

प्रेमलाने नवऱ्याकडे पाहिलं. गोविंदराव हौदातल्या द्राक्षांकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "पहिली बाळंतपणातच गेली. मग हिला केली."

"प्रेमलाताई, खरं?" मोहनाबाईंच्या हातात अजून तिचं पाऊल होतं.

नाही म्हटलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं. बावीस वर्षांपूर्वीच्या कळा एकदा तिच्या पोटातून जाऊन आल्या.

"खरं," ती म्हणाली. "अगदी तान्ही होती. मीच वाढवली."

मोहनाबाईंचा चेहरा उजळला. "परक्या लेकराचं इतकं केलंत. धन्य आहात." पुन्हा टाळ्या झाल्या. "लग्नात पहिल्या बाईंचा फोटो पाटावर मांडू हं. जन्मदात्या आईचा आशीर्वाद हवाच. पाठवून द्या." मग त्यांनी आवाज उतरवला, "तुम्ही मात्र हौदात नका उतरू. लोकांना कसंतरीच होतं."

प्रेमलाने मोजे चढवले. शलाका आणि समरजित हात धरून द्राक्षं तुडवत होते. सगळे त्यांचे फोटो काढत होते. पोरगी खरोखर सुंदर दिसत होती, आणि त्याही घटकेला आईला त्याचा आनंद झाला.

परतताना तिघं रिक्षात बसली. फतेगंजला शलाकाच म्हणाली, "फोटो कुणाचा द्यायचा?"

"बघू कुणाचातरी," गोविंदराव म्हणाले.

"आणि आपले नातेवाईक बोलले तर?"

"ते कशाला बोलतील? त्यांनाही पोरी उजवायच्यात."

"माझाच द्या," प्रेमला म्हणाली. "आपल्या लग्नातला. तेव्हा अगदी बारीक होते, कुणी ओळखणार नाही. आणि शलाकाचा तोंडावळा त्यात आहेच."

आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. आता तरी पोरगी 'नको गं' म्हणेल, म्हणून ती तिच्याकडे बघत राहिली. शलाका विचार करत होती.

"चालेल," ती म्हणाली. "पण मग तू मांडवात फोटोच्या जवळपास येऊ नकोस. दोन्ही चेहरे शेजारी दिसले की कळेल."

"बरं," प्रेमला म्हणाली.