ठोंब्याचा आवाज

चौथ्या संग्रहालयातही तोच पाळणा होता. म्हणजे अगदी तोच नव्हे, पण चिमीला आता सगळे पाळणे सारखेच दिसायला लागले होते. पाळण्याशेजारी दात पडलेला टाइपरायटर, काचेच्या पेटीत जोडीतला एकच लष्करी बूट, आणि भिंतीवर एका मिशाळ गृहस्थांचा फोटो. त्यांनी गावात कसलीतरी पहिली सुरुवात केली होती, कसली ते पुसून गेलं होतं. राखणदार आजोबा तिच्या मागे मागे फिरत घड्याळांची माहिती देत होते. कुणीतरी आलं याच आनंदात ते असे बोलत सुटले होते, की त्यांना मध्येच तोडणं तिच्या जिवावर आलं. शेवटी तिने विचारलंच, की ट्रॅक्टर कुठे आहेत.

ट्रॅक्टर मागच्या अंगणात होते. रंग देऊन चकचकीत केलेले, सीटवर फुलांच्या कुंड्या. त्यात एक तिला हवा तसा होता: बोथट तोंड, पुढे नाकासारखा लोखंडी गोळा, एका अंगाला जात्याएवढं जड चाक. हा सुरू होतो का, असं तिने विचारलं तेव्हा आजोबा हसले. मुलं खेळायला चढतात, भीती नको, म्हणून त्याच्या पोटात सिमेंट ओतलंय, म्हणाले. चिमी तिथेच खाली बसली आणि रडली. आजोबांनी पाणी आणून दिलं. घड्याळांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

केसांत पांढरं आलं, शाळेची बस चालवता चालवता दोन पिढ्यांची मुलं मोठी झाली, तरी घरात ती चिमीच होती. घरात म्हणजे तळमजल्यावर ती आणि तिचे वडील, अण्णा. आणि वरच्या मजल्यावर काकू. मध्ये एक जिना. तो जिना अण्णा चाळीस वर्षांत चढले नव्हते आणि काकूने खाली उतरताना त्यांच्या दाराकडे कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा अण्णांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची लाकडाची वखार होती. ओंडके ओढायला काकांनी कुठून तरी लांबून एक जुना ट्रॅक्टर आणला. एकाच सिलिंडरचा, सुरू व्हायच्या आधी तासभर रुसून बसणारा. त्या भागात तसला दुसरा नव्हता. त्याचं नाव पडलं ठोंब्या. एके सकाळी काका मागे वाकून ट्रॉलीची खीळ घालत होते. ठोंब्या अगदी मंद चालत होता, विझायलाच आला होता. अण्णांनी त्याला जरा तेल वाढवलं, पुढचा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ठोंब्या मागे आला, काकांच्या अंगावर. काकू तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मी पुढचाच टाकला होता." हे अण्णांनी पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, जो भेटेल त्याला सांगितलं. गावचा मेकॅनिक म्हणाला, गिअर पुढचा असताना गाडी मागे जायला इंजिन काय उलटं फिरतं का? सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. काकू एकदाच बोलली, की ह्याने मागचा टाकला, आणि त्यानंतर ती दिराशी कधीच बोलली नाही. ठोंब्या भंगारात गेला. वखार बंद झाली. अण्णा दुसऱ्यांच्या गोदामात खोकी बांधत म्हातारे झाले आणि त्यांनी पुन्हा कुठलंही स्टिअरिंग हातात धरलं नाही.

आता त्यांची फुप्फुसं संपली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चिमीने धावपळ सुरू केली ती मात्र वेगळ्याच गोष्टीने. अण्णा अलीकडे छताकडे बघत म्हणायला लागले होते, "मागचाच असेल गं, चिमे. हातच चुकला असेल माझा."

तसल्या इंजिनांचं वेड लागलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकाने फोनवर व्हिडिओ पाठवून दाखवलं होतं, की विझता विझता तेल मिळालं तर हे इंजिन कधी कधी गचका खाऊन खरोखर उलटं फिरायला लागतं, आणि मग पुढचा गिअर गाडीला मागे नेतो. चिमी फोन घेऊन धावत जिना चढली होती. काकूने पाहिलं आणि म्हणाली, फोनमध्ये माणसं उडतानाही दिसतात. अण्णांनी पाहिलं आणि फोन परत दिला. मला पटून काय उपयोग, वहिनींना पटलं पाहिजे, एवढंच म्हणाले. म्हणून ती प्रत्येक सुट्टीला संग्रहालयं पालथी घालत होती. चालू स्थितीतला एक ठोंब्या तिला हवा होता, काकूला समोर उभं करून दाखवायला. अण्णांचा श्वास आहे तोवर.

तो सापडला पाचव्या ठिकाणी, एका ब्युटी पार्लरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पार्लरवालीच्या नवऱ्याने आयुष्यभर आसपासच्या गावांतली अडगळ गोळा केली होती आणि तो गेल्यावर ते संग्रहालय हिच्या गळ्यात पडलं होतं. एका बाईच्या केसांना रंग लावून ठेवून ती चिमीला शेड दाखवायला आली. हो, सुरू होतो की, म्हणाली. मला येतं सुरू करता, त्याने शिकवलंय. उलटा फिरवायची गंमत मात्र तो स्वतः करायचा, पाहुण्यांसमोर. मी नुसती बघायचे.

काकूला तयार करायला चिमीने मनात बरीच भाषणं जुळवली होती. जिन्यावर उभं राहिल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "अण्णा जातायत, काकू," ती म्हणाली. "एकदा चल. परत काही मागणार नाही." काकू बराच वेळ दारात उभी राहिली. मग तिने चपला घातल्या.

बसमध्ये मुलं बसतात त्या सीटवर काकू सबंध रस्ताभर ताठ बसून होती. शेडमध्ये पार्लरवालीने तिला खुर्ची दिली, ती काकूने नाकारली. मग पार्लरवालीने रॉकेलची बत्ती पेटवून तिची ज्योत ट्रॅक्टरच्या नाकाखाली लावली. गोळा तापून लालसर झाला. तिने स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून काढलं, बाजूच्या जड चाकात खुपसलं आणि हिसडा दिला. धप्प. धप्प. धप्प. शेडचे पत्रे थरथरले. काकूचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

चिमी सीटवर चढली. पार्लरवाली खालून सांगत होती: तेल कमी करा, अजून कमी, आता विझेल असं वाटलं की झटकन द्या. चिमीने दिलं. इंजिन सुतासारखं सरळ चालायला लागलं. तिने पुढचा गिअर टाकला, आणि ट्रॅक्टर आज्ञाधारकपणे पुढे गेला. पुन्हा. पुन्हा पुढेच. तिसऱ्यांदा ते एक धाप टाकून गप्प झालं. बत्ती, हिसडा, सगळं पहिल्यापासून. पुढे, नाहीतर बंद. पुढे, नाहीतर बंद. पार्लरवालीचे खांदे भरून आले तेव्हा चिमी स्वतः चाक फिरवायला उतरली, आणि घाईत तिचा तळहात गोळ्याला लागला. कातडी सोलून निघाली. तिने हात ओढणीत गुंडाळला आणि पुन्हा चाक धरलं.

फीर रे, ती म्हणत होती, एकदाच फीर. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा फिरलास. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडभर काजळी, आणि त्या लोखंडाला मात्र तिची काडीइतकी पर्वा नव्हती. बत्तीतलं रॉकेल संपलं.

"पुरे," काकू म्हणाली.

परतताना काकू पुन्हा त्याच सीटवर बसली. चिमी एका हाताने बस चालवत होती. आपण अण्णांना मारलं, असं तिला वाटत होतं. काकूला इतकी वर्षं नुसता संशय होता. आज आपण तिला पुरावा दाखवला, स्वतःच्या हाताने, की ट्रॅक्टर पुढच्या गिअरवर पुढेच जातो.

दुपार कलली होती. शेजारीण अण्णांजवळ बसली होती, ती उठून गेली. चिमी पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी राहिली. आत जाऊन काय सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं. काकू जिन्यापाशी थांबली. मग ती वळली आणि अण्णांच्या खोलीत गेली.

"भाऊजी," काकू म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. उठायची धडपड केली, जमलं नाही.

"मी बघून आले. चिमीने दाखवलं. उलटं फिरतं ते. पुढचा गिअर होता आणि मागे आलं."

चिमी दारात येऊन उभी राहिली. तिचा ओला हात छातीशी होता.

अण्णा वहिनीकडे बघत राहिले. ज्याच्यावर आयुष्यभर कुणी विश्वास ठेवला नाही, तो माणूस एकदम कसा विश्वास ठेवेल? "आवाज," ते म्हणाले. श्वासाला थांबले. "आवाज कसा झाला, वहिनी?"

चिमीला वाटलं, संपलं. ज्या इंजिनाने पलटी खाल्लीच नाही, त्याचा आवाज काकू कुठून सांगणार?

काकू खाटेच्या कडेला बसली. "आधी दम तुटल्यासारखा," ती म्हणाली. "वाटलं, बंद पडलं. मग आतून एक ठोका आला, दाराला खांदा लावतात तसा. आणि मग चालू झालं, पण लंगडत. एक ठोका जड, एक हलका. जड, हलका."

"लंगडत," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "तसंच. अगदी तसंच झालं होतं."

"हो," काकू म्हणाली. "पुढचाच होता, भाऊजी." तिने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ते झोपेपर्यंत बसून राहिली.

ती बाहेर आली तेव्हा चिमी जिन्याच्या पहिल्या पायरीवर वाट अडवून बसली होती.

"आज तसा आवाज झालाच नाही," चिमी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तू त्या दिवशी ऐकला होतास."

काकूने कठड्याला धरलं. "ऐकला होता."

"आणि चाळीस वर्षं?"

काकूच्या साडीला अजून रॉकेलचा वास येत होता. "कुणाचीच चूक नाही म्हटलं असतं, तर माझ्याजवळ काय उरलं असतं गं?" ती म्हणाली. "नवरा गेला होता. रागावायला तरी कुणीतरी हवं होतं. आणि मग एकदा बोललेलं परत घेता येईना. रोज वाटायचं, उद्या सांगू."

आत अण्णांचा श्वास शांत चालला होता, कित्येक आठवड्यांत चालला नव्हता इतका. चिमीला तो ऐकू येत होता. ह्या बाईचे पाय धरावेत की गळा, तिला खरोखर कळेना. सोललेला हात ठणकत होता. ती जागची हलली नाही, म्हणून काकूही तिथेच, तिच्या खालच्या फरशीवर बसली.