हाताने अडीच फेरे

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. गेज म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसणार. नसू दे. नळ सोडला की पाणी येतं आणि फिरवला की थांबतं, एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांच्याकडून मी कधी फार अपेक्षा ठेवल्या नाहीत.

तरी सांगतो. मी एक जाड पोलादी कडी. माझ्या पोटात आटे आहेत आणि ते निमुळते आहेत. पाइपच्या टोकावर असेच निमुळते आटे पाडतात, म्हणजे सांधा फिरवावा तसा आवळत जातो आणि वाफ म्हणा, पाणी म्हणा, थेंबभरही बाहेर पडत नाही. पण आटे किती खोल पाडायचे? कमी पाडले तर पाइप सांध्यात पुरेसा शिरत नाही, जास्त पाडले तर सैल बसतो. म्हणून मला पाइपवर हाताने फिरवायचं. पाइपचं टोक माझ्या तोंडाशी सपाट आलं, की खोली बरोबर. एखादा फेरा इकडेतिकडे चालतो, त्यापुढे नाही. इतकं सोपं! तरी माणसं एक डोळा मिटून "दिसतंय की बरं" म्हणतात, वर पांढरी टेप गुंडाळतात आणि पाप झाकलं असं समजतात. अशांची मला शिसारी येते.

माझा मालक मिस्त्री तसा नव्हता. पत्र्याच्या छपराखाली त्याचं वर्कशॉप होतं. पाइप कापायची करवत त्याची बायको चालवायची आणि आटे पाडायच्या मशीनवर त्याचा धाकटा भाऊ असायचा. मिस्त्री मला दाराजवळच्या खिळ्याला टांगायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "सगळे खोटं बोलतील, हा बोलणार नाही." ऐकून मी फुगायचो. तीस वर्षं फुगत राहिलो. रोज पन्नास-साठ पाइप माझ्या पोटात शिरायचे, आट्यांत लोखंडाचा कीस तसाच असायचा, आणि मिस्त्री मला शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा टांगायचा.

"अहो, वर्षातून एकदा हा तपासायला पाठवायचा असतो म्हणे," बायको एकदा म्हणाली.

"तराजूला कुणी तराजूत घालतं का?" मिस्त्री हसला. मीही मनात हसलो. बाईला काय कळतंय!

मग कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्याचं काम आलं. वाफेचे पाइप, अठ्ठावीस सांधे. धाकट्याने आटे पाडले, प्रत्येक टोकावर मला फिरवलं, मी प्रत्येक वेळी सपाट बसलो. पण धाकट्याला नसती खोड. त्याने पाइप जोडायचं नवंकोरं सॉकेट घेऊन एका टोकावर हाताने चढवून पाहिलं आणि मिस्त्रीला हाक मारली.

"दादा, हे हाताने अडीच फेऱ्यांतच अडतंय. चार-साडेचार तरी चढायला हवं. आटे कमी पडलेत."

"गेज काय म्हणतो?"

"गेज बरोबर म्हणतो. पण दादा, तू एकदा हातात घेऊन..."

"मग झालं तर. गेजपेक्षा तू शहाणा?"

मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! मशीन चालवणाऱ्याने मशीन चालवावं, अक्कल चालवू नये.

पाइप बसवायलाही धाकटाच गेला. तिसऱ्या आठवड्यात एक सांधा सुटला. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजला.

मिस्त्रीने चौकशीला आलेल्यांसमोर मला पाइपवर फिरवून दाखवलं. मी सपाट बसलो, अगदी ऐटीत. "आटे चोख आहेत," तो म्हणाला, "भावाने पान्ह्याने सांधा नीट आवळला नसणार." धाकट्याने हात पुसले, डबा उचलला आणि जाताना एवढंच म्हणाला, "वहिनी, जमलं तर गेज तपासून आणा."

तो दुसऱ्याच्या वर्कशॉपात लागला. घरी दोघा भावांचं बोलणं बंद झालं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. निष्काळजी माणूस गेला, जागा स्वच्छ झाली.

पण वहिनीच्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. पाच महिन्यांनी तिने मला रुमालात गुंडाळलं आणि मापं तपासायच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या चष्मेवाल्या बाईने मला आधी ब्रशने घासलं, तेलाने धुतलं आणि एक चकचकीत निमुळता दांडा काढला. त्याच्यावर फक्त माझ्यासारख्यांना मोजतात. मी तोऱ्यात त्याच्यावर चढलो. जिथे थांबायला हवं होतं, तिथे थांबलोच नाही. आणखी एक फेरा. मग आणखी एक.

"पूर्ण दोन फेरे झिजलाय," चष्मेवाली म्हणाली. "पोट मोठं झालंय याचं. कमी खोल आट्यांनाही हा बरोबरच म्हणणार. किती पाइप मोजलेत यावर?"

वहिनीने ते सगळं कागदावर लिहून मागितलं.

संध्याकाळी तिने प्रयोगशाळेचा कागद मिस्त्रीच्या ताटाशेजारी ठेवला. मिस्त्रीने तो दोनदा वाचला आणि जेवण टाकून उठला. मला खिशात घालून थेट धाकट्याच्या दारात गेला.

"गेज झिजला होता," तो म्हणाला.

"लोखंड झिजतंच, दादा. पण मी सांगितलं होतं ना? एकदा हातात घेऊन बघितलं असतंस."

"चुकलं माझं. परत ये."

"आधी त्या बाईकडे जा. मी तीनदा जाऊन आलो. तिला अजून वाटतंय, सांधा मी सैल सोडला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गेला. बाईचा हात बरा झाला होता, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. मिस्त्रीने मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने डाव्या हाताने मला उचललं.

"एवढंसं हे?"

"एवढंसंच. पण मी याचं ऐकलं, भावाचं नाही."

"मग तुमच्या भावाला मी पाच महिने उगाच शिव्या दिल्या," ती म्हणाली. "त्यांना पाठवून द्या. आणि तुम्ही निघा आता."

कारखान्यातले उरलेले सत्तावीस सांधे दोघा भावांनी खोलले, पाइपांची टोकं कापून आटे नव्याने पाडले. त्यासाठी नवा गेज आणला. माझ्या अंगावर लाल रंगाचा फराटा मारून मला फळीवर टाकलं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या किवेची मला गरज नाही. टेप गुंडाळणाऱ्यांची मला आजही शिसारी येते. पण ते निदान स्वतःला खरेपणाचा पुतळा तरी म्हणवत नव्हते. हत्यारं धुवा, पुसा, वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि तुमच्या हाताखालचं माणूस "हे अडतंय" म्हणालं, तर आधी ती वस्तू हातात घेऊन बघा. तेवढ्याने कुणी झिजत नाही.