शंभर टक्के वाळू

माझे भावजी, ताईचा नवरा, म्हणजे डोक्यात जाणारा माणूस. माती तपासायच्या माझ्या प्रयोगशाळेत शिरले ते अहवाल टेबलावर आपटतच.

"वाळू बावन्न, चिकणमाती अठ्ठेचाळीस? मी मातीचं नाव विचारलं होतं, निवडणुकीचा निकाल नाही!"

"ते मिसळीचे टक्के नाहीत. तुमच्या प्लॉटची माती कितपत वाळूसारखी वागते आणि कितपत चिकणमातीसारखी, ते आहे. फझी लॉजिक म्हणतात त्याला. काठावरची माती ओढूनताणून एकाच खान्यात कोंबत नाही आम्ही."

"आणि जुन्या पद्धतीनं काय आलं असतं?"

"वाळू."

"मग तेच लिही की!"

"आणि जमीन पावसात फुगून भिंती तडकल्या, की मला शिव्या घालायला पहिले तुम्हीच याल. पाया खोल न्या."

खोल पाया म्हणजे जास्त पैसा, आणि तो जमेपर्यंत घर वर्षभर लांबणार. ताई, माझी सख्खी बहीण, लग्नापासून जावेच्या स्वयंपाकघरात उपऱ्यासारखी वावरतेय. डबा उघडायचा तरी विचारून. तिला घर हवं होतं ते आत्ता. मला का ते कळत नव्हतं? पण तेच घर तिच्या डोक्यावर पडायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात दोघं आले. भावजींनी पिशवी टेबलावर ठेवली. "दुसऱ्या कोपऱ्यातली माती. तपास, आणि तोंड बंद कर."

मी चाळली, भिजवून हातावर वळायला घेतली. चिकणमातीची दोरी वळते, ही वळलीच नाही. आकडे प्रोग्रॅममध्ये भरले. वाळू शंभर, चिकणमाती शून्य.

"झालं समाधान?" भावजी मिशीत हसले.

माझं डोकंच फिरलं. एका कोपऱ्यात निम्मी चिकण आणि दुसऱ्यात धुतल्या तांदळासारखी निव्वळ वाळू? जमीन अशी तोडल्यासारखी बदलत नाही, हळूहळू बदलत जाते.

"ही बांधकामाच्या ढिगातली वाळू आहे," मी ओरडले. "बायकोच्या घराखाली खोटं घालताय? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"त्यांना काय विचारतेस? पिशवी मी भरली," ताई म्हणाली.

"ताई, भिंती फाटतील गं."

"फाटू देत. माझ्या असतील ना? तू एकतर माझी बहीण आहेस, नाहीतर नाहीस. या वाळूच्या अहवालावर सही कर."

मी जुनाच अहवाल पुन्हा छापला, बावन्न आणि अठ्ठेचाळीस, खाली सही केली आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवला. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. पिशवी उचलून त्याच्यावरच उपडी केली आणि मागे वळून न पाहता निघून गेली.

भावजी तिथेच उभे राहिले. वाळूत बुडालेला कागद त्यांनी बाहेर काढला, झटकला. माझ्याकडे बघायचं टाळत, नेहमीसारखंच खेकसत त्यांनी विचारलं, "किती खोल?"