पापणीभर उशीर

तिने अंगठा दाबला आणि शिपाई खड्ड्यात पडला.

पडद्यावर तो पुन्हा उभा राहिला, शिरस्त्राण नीट केलं, बंदूक सावरली. ती पुन्हा धावली, काठाशी येताच बटण दाबलं, आणि पुन्हा तेच. शिपाई उडी मारत होता, पण सांगितल्यानंतर जरासा विचार करून. डोळ्याची पापणी लवावी एवढाच उशीर. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. पण धावत धावत गोळ्या झाडायच्या खेळात तेवढ्यानेच जीव जातो, हे तिच्या अंगठ्याला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

शेवटी तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणं हा तिचा धंदा. संपादक म्हणायचे, "तुझी लेखणी म्हणजे खाष्ट सासू. सुनेनं चंद्र आणून दिला तरी आधी डाग दाखवशील." गेम बनवणारे तिच्या नावाने बोटं मोडायचे आणि तिचंच परीक्षण सगळ्यांत आधी उघडायचे.

या खेळाची गोष्ट मात्र वेगळी होती. मूळ खेळ तिने कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर, समोरच्या घरातल्या मुलाच्या शेजारी उभं राहून पाठ केला होता. तो पहिला शिपाई, ती दुसरा. त्यामुळे त्याने तिचं नावच 'दोन नंबर' पाडलं होतं. पुढे त्याच मुलाने तिच्या ताईशी लग्न केलं आणि आईच्या धाकाने 'अरे'चं 'अहो' झालं. आता त्या जुन्या खेळाचा रिमेक ज्या कंपनीत बनत होता, तिथे शिपायांच्या हालचाली बसवणाऱ्या गटाचे भाऊजी प्रमुख होते.

हे तिने संपादकांना सांगायला हवं होतं. सांगू सांगू म्हणता राहून गेलं, असं ती स्वतःला समजावत होती. खरं तर राहून गेलं नव्हतं. सांगितलं असतं तर खेळ दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता, आणि जगाआधी तो आपण खेळायचा हा मोह तिला आवरला नव्हता.

बरं, खेळ वाईट असता तर प्रश्नच नव्हता. खेळ सुंदर झाला होता. जुन्या ठोकळेबाज जंगलाला कुणीतरी पान न् पान रंगवून दिलं होतं. रणगाडे मार खाल्ला की चेपत, धुरकटत आणि शेवटी रुसल्यासारखी मान टाकत. शत्रूचे शिपाई दोरीवर कपडे वाळत घालत असत आणि गोळीबार सुरू झाला की अर्धवट चढवलेली विजार सावरत पळत. ते पाहून ती एकटीच बसल्या जागी हसली होती. उणिवाही होत्या. शेवटचा टप्पा पाण्यात भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगवलेला होता. कितीही वेळा मेलं तरी तिथल्या तिथे उठता येत होतं, त्यामुळे मरणाचा धाकच उरला नव्हता. पण हे सगळं चालवून घेता आलं असतं. उडी नाही. उडी हा या खेळाचा कणा होता.

तिने परीक्षण लिहायला घेतलं. गुण आधी लिहिले, हात आखडता न घेता. मग उडीवर एक अख्खा परिच्छेद लिहिला, नेहमीसारखा, साल सोलून काढणारा. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"जेवलीस?"

"कधीच. काय गं, आज दुपारीच फोन?"

"सहज." ताई थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "हा आजकाल घरात असून नसल्यासारखा. काल भाजीत मीठ घालायला विसरले, तर निमूट जेवला. विचारलं, कशी झालीय? म्हणाला, हलतंय चांगलं."

ती हसली. ताई हसली नाही.

"परीक्षण तूच लिहिणार आहेस ना?"

"ताई, ते नको विचारूस."

"नाही विचारत. मी काही म्हणतच नाहीये. तीन वर्षं झाली गं या खेळाला, एवढंच. परवा तो कामावर निघाला, तर लेक दारात जाऊन विचारते, तुम्ही परत कधी येणार? पाहुण्यांना विचारतात तसं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या परिच्छेदाकडे बघत राहिली. मग तो खोडला आणि त्या जागी एक वाक्य घातलं: 'शिपायांच्या हालचाली जुन्या खेळाची आठवण जागवतात.' वाक्य खोटं नव्हतं. दर खड्ड्यात तिला जुना खेळ आठवला होता. खोटं नव्हतं म्हणूनच ते लिहिताना तिला जास्त लाज वाटली. दोष म्हणून तिने शेवटच्या टप्प्याचं फुगणं तेवढं ठेवलं. काहीच नसतं तर संपादकांना संशय आला असता.

खेळ बाजारात येण्याआधीच परीक्षण प्रसिद्ध झालं. ताईने लाल बदामांची रांग पाठवली. भाऊजींकडून काहीच आलं नाही.

रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला गेली. जेवणं झाल्यावर ताई लेकीला झोपवायला आतल्या खोलीत गेली, आणि भाऊजी बाह्या सारून भांडी विसळायला उभे राहिले. तिने फडकं घेतलं.

"उडी कशी वाटली?" भाऊजींनी मागे न बघता विचारलं.

"बरी आहे."

"बरी." त्यांनी विसळलेलं ताट तिच्या हातात दिलं. "कुठल्या खड्ड्यात पडलीस?"

तिने ताट पुसलं. पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

"पहिल्याच."

त्यांनी मान हलवली. एखाद्या हिशेबाचं उत्तर जुळल्यावर हलवतात तशी.

"चित्रं जड झालीत," ते म्हणाले. "त्यांच्याखाली उडी दबते. वर सांगून सांगून तोंड दुखलं. म्हटलं, दोन महिने द्या, सोडवून देतो. ते म्हणाले, कुणाच्या लक्षात येणार आहे? मी म्हटलं, एकीच्या येईल. तिनं लिहिलं तर द्याल दोन महिने? देऊ म्हणाले."

नळ वाहत होता. तिला फडकं कुठे ठेवावं ते सुचेना.

"त्यांना माहीत होतं, आपलं नातं?"

"नाही. मी सांगितलं नाही. चुकलंच माझं. पण मला वाटलं, हिच्या बाबतीत काय गरज आहे? समोर सख्खा बाप असला तरी ही लिहायचं तेच लिहिणार." त्यांनी पेला उपडा घातला. "बैठकीत तुझं परीक्षण भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं. मी वाचलं. मला वाटलं, नजरेतून सुटलं असेल, म्हणून पुन्हा खालून वर वाचलं."

"मी लिहिलं होतं. मग काढलं."

"कळलं मला ते. 'आठवण जागवतात'. हे तुझं वाक्यच नाही."

"तू रागाव ना माझ्यावर," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तोंडून 'तू' गेलं, ते दोघांनाही ऐकू आलं.

"कशाला रागावू? माझ्यासाठीच केलंस ना."

याहून त्यांनी हातातला पेला भिंतीवर फेकला असता तर बरं झालं असतं. ती काही बोलणार तोच ताई दारात येऊन उभी राहिली.

"काय खलबतं चाललीत?"

"काही नाही," भाऊजी नळ बंद करत म्हणाले. "हिला सांगत होतो, फार छान लिहिलंय."

दुपारी भाऊजी आडवे झाले. ताई सज्जात वाळलेले कपडे काढत होती. ती शेजारी जाऊन घड्या घालू लागली. लहानपणी दोघींचं हे ठरलेलंच काम होतं. ताई काढायची, ती घड्या घालायची, आणि तेवढ्या वेळात घरातली सगळी गुपितं इकडची तिकडे व्हायची.

"मी उद्या संपादकांना सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "नातंही, आणि जे काढलं तेही."

ताईने लेकीचा झगा झटकला. "मग खेळ पुढे ढकलतील?"

"ढकलतीलही."

"दोन महिन्यांचे सहा होतात गं. नेहमी होतात."

"पण ताई, त्यांचं सगळं..."

"उडीचं मला त्यानं सांगितलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की आधी अर्थच लागला नाही. "तुझ्या भरवशावर त्यानं वरच्यांना काय शब्द दिलाय, तेही सांगितलं होतं. मी फोन केला त्याच्या आदल्या दिवशी."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा पींपीं आवाज बराच वेळ येत राहिला. धाकट्या बहिणीच्या हातात भाऊजींचा सदरा होता. तो तिने तसाच छातीशी धरला.

"मला माणूस घरी हवा होता," ताई म्हणाली. "दुसरं काही नको होतं. तू एक ओळ गाळशील, कुणाचं काय जाणार, असं वाटलं." तिने चिमटे डब्यात टाकले, एकेक करून. "तू सांग संपादकांना. तुला अडवायला कोणत्या तोंडानं येऊ? फक्त माझं त्याला सांगू नकोस."

ती 'नाही सांगणार' म्हणाली. आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी संपादकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. नात्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, खोडलेल्या परिच्छेदाचं सांगितलं तेव्हा परत लावला. ताईच्या फोनचा तिने उल्लेख केला नाही. त्यामुळे गोष्टीतली सगळी लबाडी तिच्या एकटीच्या पदरात पडली, आणि ते तिला रास्तच वाटलं.

"सासूच फितूर निघाली," संपादक म्हणाले. विनोद त्यांनाच जड गेला. "आता काही दिवस तू लिहू नकोस."

परीक्षण काढून टाकण्यात आलं. नवं परीक्षण दुसऱ्याकडे गेलं. तो पोरगा हुशार होता, प्रामाणिक होता, आणि त्याने रिमेकची भरभरून स्तुती केली. उडीबद्दल त्याने अवाक्षर लिहिलं नाही. त्याने काही लपवलं नव्हतं. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

खेळ ठरल्या दिवशी बाजारात आला आणि तडाखेबंद खपला. विजार सावरत पळणारे शिपाई घराघरांत लाडके झाले. मूळ खेळ खेळलेल्या काही जणांनी उडीबद्दल कुरकुर केली, तर बाकीच्यांनी त्यांना वेड्यात काढलं: काका, अंगठे गंजले तुमचे. वरच्या साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. भाऊजींना कंपनीने काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ते त्यांनी कपाटात कपड्यांमागे ठेवलं, आणि ताईने काढून दिवाणखान्यात मांडलं. आता भाऊजी दिवस मावळायच्या आत घरी येऊ लागले. लेकीला खांद्यावर घेऊन भाजी आणायला जात, भाजीत मीठ कमी असलं तर तसं बोलूनही दाखवत. घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं. नवीन खेळाच्या कामासाठी त्यांनी मात्र नाव दिलं नाही.

मधले काही आठवडे ती तिकडे फिरकली नाही. कामाचं निमित्त सांगायची, आणि काम तर नव्हतंच. शेवटी ताईच्या लेकीनेच फोनवर हट्ट धरला, तेव्हा एका संध्याकाळी गेली.

लेकीला खेळ बघायचा होता. भाऊजींनी पडदा सुरू केला, एक कंट्रोलर स्वतः घेतला आणि दुसरा तिच्यापुढे धरला.

"ये, दोन नंबर."

ती जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली. दोन्ही शिपाई धावू लागले. दोरीवरचे कपडे उडाले, लेक खिदळली. पहिला खड्डा आला. तिने काठ यायच्या जरा आधीच अंगठा दाबला आणि शिपाई अलगद पलीकडे उतरला. दुसरा खड्डा, तिसरा; एकदाही पाय चुकला नाही. मग तिला जाणवलं की भाऊजी पडद्याकडे नाही, तिच्या अंगठ्याकडे बघताहेत.

"आधीच दाबतेस आता," ते म्हणाले.

"हं."

"जमतं?"

"जमतं."

त्यांनी मान हलवली आणि पुढे धावले. रणगाडा आला. दोघांनी मिळून तो पाडला, पूर्वी पाडायचे तसा, एक वरून आणि एक खालून.

ताई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. "कोण जिंकतंय?"

"असं नसतं यात," भाऊजी म्हणाले. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आपण तिघंही एकाच बाजूला आहोत."

खेळत तर दोघंच होती, आणि ताईच्या फोनचं तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिने वळून ताईकडे पाहिलं. ताईचे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती ते पदराला पुसत राहिली.