पाटीवर दोन वर्षांची

“पाय टिकला तर टिकला. नाही टिकला, तर पुढच्या वर्षी दुसरी येईलच की.”

मला शर्यतीसाठी तयार करणाऱ्या उस्तादांनी हे जॉकीला माझ्या दाराआड उभं राहून, आवाज खाली करून सांगितलं. जनावराला काय कळतंय, असं माणसांना वाटतं. आमचे दोन कान मात्र दोन दिशांना वळतात. एक गवताच्या भाऱ्याकडे होता. दुसऱ्यानं मी हे ऐकलं आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

मी शर्यतीची घोडी बोलतेय. खरं तर घोडी म्हणवून घ्यायला मी अजून लहान आहे, आणि माझी सगळी रडकथा त्या लहानपणाचीच आहे.

मी वर्षाच्या सातव्या महिन्यात जन्मले. त्या वर्षीची बाकीची शिंगरं तोवर कुंपणाच्या कडेनं भरधाव सुटत होती. मी उभी राहताना तीनदा पडले. आई नाकानं ढकलत राहिली. अंग काडीसारखं आणि पाय हे एवढे लांब. “नुसते पायच जन्माला आलेत,” असं कुणीतरी हसत म्हणालं. माझ्या पायांवरून कुणी हसल्याची तेवढीच आठवण. पुढे सगळेच त्यांच्याकडे फार गंभीरपणे बघायला लागले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घोड्याचा वाढदिवस त्याच्या जन्मदिवशी येत नाही. नवं वर्ष लागलं की पहिल्याच सकाळी सगळ्यांची वयं एकदम एका वर्षानं वाढतात. मग कुणी पहिल्या महिन्यात जन्मलेला असो की सातव्या. दोन वर्षांच्या घोड्याला ‘ज्युवेनाईल’ म्हणतात, म्हणजे कोवळं जनावर. त्यांच्या शर्यती वेगळ्या, अंतर कमी, मोठ्या घोड्यांना तिथं मज्जाव. शब्द मोठा मायेचा आहे. फक्त तो खोलीच्या दारावरच्या पाटीवर लिहिला की सरावाला जुंपतात.

माझ्या पाटीवर माझी देखभाल करणाऱ्या मोतद्दारमामांनी खडूनं वयाचा आकडा बदलला तो असाच एका सकाळी. खरारा करता करता म्हणाले, “काल झोपलीस तेव्हा दीडची होतीस, उठलीस ती दोनची. आम्हाला अशी सोय असती तर मी कधीच घरी बसलो असतो.”

उस्तादांची आणखी एक स्वतःची पद्धत होती. घोड्याच्या शेजारी ताठ उभं राहायचं. खांदा त्यांच्या हनुवटीला लागला, की घोडं तयार. माझे पाय असे, त्यामुळे माझा खांदा लगेच लागला. “उंची आली म्हणजे वय आलं,” उस्ताद म्हणाले. कोवळ्या घोड्याच्या गुडघ्यातला सांधा मऊ असतो, तो भरून हाड पक्कं व्हायला दिवस लागतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हनुवटी काही तेवढं विचारत नव्हती.

शेजारच्या खोलीत ठोंब्या होता. त्याची आणि माझी पाटी सारखीच. एका सकाळी आम्ही दोघं बरोबर धावलो. वळणावर वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि माझ्या बाजूच्या टापा थांबल्या. मी मागे बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याची पाटी ओल्या फडक्यानं पुसलेली होती. ठोंब्या माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा होता.

त्यानंतर माझा डावा गुडघा आतून तापायला लागला. पण आमच्या जातीत दुखणं दाखवत नाहीत. लंगडीला वाघ आधी धरतो, हे रक्तातच आहे. उस्ताद आले की मी चारी पायांवर ताठ उभी राहायचे. ते वाघ नव्हते, पण रक्ताला तो फरक कळत नाही. “बघा, कशी खांबासारखी उभी आहे,” ते म्हणायचे. मी खांबासारखी नव्हते, भीतीनं गोठलेली होते.

हे एकटीनं ओळखलं, ते उस्तादांच्या सूनबाईंनी. लग्न होऊन दोन महिने झालेले. घरात त्यांना ‘मुकीबाई’ म्हणत. “सूनबाई बोलणार असेल तर आधी कळवा, मी खुर्ची घेऊन बसतो,” असं उस्ताद सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि सूनबाई हसून आत जायच्या. त्यांच्याकडे एकच काम आलं होतं: रोज सकाळी आमच्या पायांच्या पट्ट्या सोडायच्या, धुवायच्या, वाळल्या की गुंडाळून ठेवायच्या. कामाला तोंड लागत नाही, हात लागतात. त्या हातांना रोज माझी उजवी पट्टी गार लागायची आणि डावी गरम.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मी ऐकत होते.

“डाव्या पायाची पट्टी रोज गरम निघते.”

“बाबांना कळत नसेल होय? चाळीस वर्षं घोड्यांत गेली त्यांची.”

“हात लावून तरी बघा.”

“तू पट्ट्या गुंडाळ ना. उगाच कशाला?”

दुसऱ्या दिवशी त्या माझा जन्माचा दाखला घेऊन आल्या. दोनदा वाचला. मग माझ्या मानेला टेकून हळूच म्हणाल्या, “अगं, तू तर अजून लहान आहेस.” हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आज माझी पहिली शर्यत आहे. तिसरा महिना चालू आहे. गाडी फाटकाशी लागली आहे, उस्तादांचा मुलगा तिचं दार उघडून उभा आहे. घामानं माझी पाठ भिजली आहे, आणि जॉकी म्हणतोय, “जोशात आहे पोरगी.” माणसांनो, शर्यत बघायला आलात आणि यादीत ‘ज्युवेनाईल’ दिसलं, तर आकड्यावर जाऊ नका. एकदा आमच्या गुडघ्यांकडे बघा. आम्ही सांगणार नाही. आम्हाला सांगता येत नाही.

“पट्ट्या सोड, उशीर होतोय,” उस्ताद म्हणतात.

सूनबाई उकिडव्या बसतात. उजवी सोडतात, डावी सोडतात. उठत मात्र नाहीत. मोतद्दारमामा माझा दोर धरायला पुढे होतात, तेवढ्यात त्या उभ्या राहून तो स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन घेतात.  

“सूनबाई, बाजूला हो.”

त्या सोडलेली डावी पट्टी उस्तादांच्या हातात ठेवतात.

“आधी ही धरून बघा, बाबा. अजून गरम आहे. सातव्या महिन्यातली आहे ही, दोन वर्षं पुरी व्हायला चार महिने आहेत. आज ही गाडीत चढणार नाही. दोर काढून घ्यायचा असेल तर तुम्ही स्वतः माझ्या हातातून काढून घ्या, ह्यांना सांगू नका.”