सात थर राख

विश्वजीत सरांनी अहवालाचं शेवटचं पान मैत्रीपुढे सरकवलं आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. सह्याद्रीतल्या एका कपारीतली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती शत्रूच्या हल्ल्यात जळून नष्ट झाली, असं त्या पानावर छापलं होतं. खाली तिच्या सहीची जागा मोकळी होती. मातीचे नमुने तिने तपासले होते, तेव्हा तिच्या सहीवाचून अहवाल पुढे जाणार नव्हता. तिची नेमणूक महिनाअखेर संपत होती, आणि मुदत वाढवणं सरांच्या हातात होतं.

तिने पेन घेतलं नाही. राखेचा थर एक नाही, सात आहेत, आणि दर दोन थरांमध्ये तुडवलेल्या लेंड्या आहेत, एवढंच तिने सांगितलं.

"मग सात हल्ले झाले असतील," सर म्हणाले.

"आणि सातही वेळा लोक परत येऊन तिथेच शेळ्या बांधत राहिले? फारच चिवट माणसं, सर."

सर हसले नाहीत.

तसं पाहिलं तर दोन महिने तिच्याही वहीत 'आगीत जळालेली वस्ती' असंच लिहिलेलं होतं. मग एका रविवारी ती येरवड्याहून मावशीच्या नव्या फ्लॅटवर गेली. फ्लॅट होता ते गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं. गॅलरीतून खाली धूर दिसला, म्हणून ती धावत उतरली. इमारतीमागच्या गोठ्यातली जमीन धुमसत होती, शेळ्या बाहेर लिंबाखाली बांधलेल्या, आणि गोठ्याच्या मालकीण मथुराबाई काठीने विस्तव सारखा करत निवांत उभ्या होत्या.

"घाबरतीस कशाला? गोचीड लई झालाय," त्या म्हणाल्या. "भुई भाजल्याबिगर मरत न्हाई त्यो. माझी सासू बी असंच करायची."

मैत्रीने काडेपेटीभर राख मागितली, तेव्हा त्या पोट धरून हसल्या. राख कसली नेतीस, दूध ने की, म्हणाल्या. तिने दोन्ही नेलं.

सदाशिव पेठेतल्या याच प्रयोगशाळेत तिने ती राख आणि कपारीतली राख सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवली. शेळीच्या आतड्यात चुन्याचे बारीक गोल कण तयार होतात, आणि विशिष्ट प्रकाशात प्रत्येकावर एक चकाकती फुली दिसते. दोन्हीकडे तेच कण होते, तशाच आचेने काळवंडलेले.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग संदर्भांच्या यादीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "या मथुराबाईंची पात्रता काय लिहायची?"

"पन्नास वर्षं शेळ्या. माझी सूक्ष्मदर्शकावर सहाच झालीत."

हल्ला म्हटलं की लोक वाचतात, गोचीड म्हटल्यावर कोण वाचणार, असं सरांनी शांतपणे समजावलं. तिने स्वतःचा विचार करावा, एवढ्याशा ओळीसाठी हट्ट धरू नये, असंही ते म्हणाले. पण न पटलेल्या गोष्टीला मान डोलवायची सवय तिच्या घरात आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडली होती. आणि ती ओळ एवढीशी नव्हती. ती माणसं शेळ्या घेऊन डोंगर चढली होती, त्यांनी गोचीड जाळला होता, उतरली होती आणि पुन्हा वर आली होती. ज्यांना कोणी मारल्याचा काडीचा पुरावा नव्हता, त्यांना आता तिच्या सहीने मारायचं होतं.

तिने पेन उचललं. छापलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हल्ल्याचा पुरावा नाही. रहिवाशांनी गोठ्याची जमीन वेळोवेळी स्वतः जाळली असावी. आधार: राखेचे सात थर, तुलनेसाठी मथुराबाईंच्या गोठ्यातली राख.' खाली सही केली, तारीख घातली.

"मुदतवाढीचं मग विसरा," सर म्हणाले.

"एकतीस तारखेपर्यंत मी आहे, सर. तळाचा एक नमुना अजून बघायचा राहिलाय."

टोपण लावून तिने पेन त्यांच्यापुढे ठेवलं, खुर्ची सूक्ष्मदर्शकाकडे वळवली आणि नवी काच चढवली.