दोन जागांमधली फरशी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी पुरुषांच्या मुतारीत दोन जागांच्या मध्ये उभी केलेली कडाप्पा फरशी आहे. शिराळ्याच्या वाटेवरच्या एका एसटी स्टँडात मी राहते. माझा लांब तुकडा एका हॉटेलाच्या ओट्याला गेला आणि उरलेला आखूड तुकडा इथे बसवला. त्यामुळे मी माणसाच्या कमरेपर्यंतच पोहोचते. आडोसा म्हणून लावलेली, पण निम्माच आडोसा देणारी.

इथे बांधणाऱ्याने बऱ्याच गमती करून ठेवल्या आहेत. संडासाचे दार आत उघडते आणि भांड्याला अडते. दार लावायचे तर भांड्यावर चढून उभे राहावे लागते, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. आरसा असा लावलाय, की फलाटावरच्या माणसाला आतल्याची पाठ दिसावी.

इथली रीत कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. पहिला येतो तो कोपरा धरतो, दुसरा पलीकडचा कोपरा. मधली जागा रिकामी. नजर समोरच्या भिंतीवर. बाहेर उसाच्या तोडीवर तावातावाने बोलणारे दोघे चुलतभाऊ आत शिरले, की वाक्य अर्धे टाकून गप्प होतात आणि हात धुताना ते पुरे करतात. कोपरा मोकळा असून जो मधे उभा राहतो, त्याच्याकडे सगळे संशयाने बघतात. मीसुद्धा.

गेल्या पावसाळ्यात इथल्या तीन पितळी तोट्या चोरीला गेल्या. झाडलोट करणाऱ्या अर्जुनाला ठेकेदाराने बजावले, की चौथी गेली तर तू घरी बस. घरात कमावणारा तो एकटाच. तेव्हापासून अर्जुनाला प्रत्येकाचा खिसा फुगलेला दिसू लागला.

बिराप्पा नावाचे एक म्हातारे दर गुरुवारी बाजाराला यायचे. त्यांची चाल मला पहिल्यापासून खटकली. आत यायचे, कोणी दिसले की उगाच हात धुवून बाहेर जायचे. पुन्हा यायचे, पुन्हा जायचे. पैरणीखाली कमरेशी काहीतरी फुगलेले, आणि त्यावर एक हात कायम दाबलेला. सगळे निघून गेले, की माझ्या आडच्या कोपऱ्यात वाकून कसली तरी खुडबुड करायचे. चोर हाच, असे मी ठरवून टाकले. अर्जुनानेही.

एका गुरुवारी म्हातारे तिसऱ्यांदा आत आले, तसा अर्जुना मागोमाग शिरला.

"आवं मामा, कमरंला काय लपीवलंय?"

"काय न्हाई रं. तू जा भाईर."

"तोटी हाय न्हवं? माझी चाकरी जाईल मामा. दावा."

म्हातारे भिंतीला सरकले. अर्जुनाने पुढे होऊन पैरण वर केली.

कमरेला नाडीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी होती. लघवीने भरत आलेली. तिची नळी धोतरात गेली होती. दवाखान्याने लावून दिलेली, ऑपरेशन होईपर्यंतची.

अर्जुनाचा हात तसाच हवेत राहिला. म्हाताऱ्यांनी पैरण खाली ओढली.

"बघितलंस? आता बलीव समद्यास्नी."

"आवं, सांगायचं की मामा."

"हितं कोण कुणाला सांगतंय?" म्हातारे म्हणाले आणि पिशवी तशीच घेऊन बाहेर पडले.

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. अर्जुना दर गाडीला फलाटावर जाऊन बघून यायचा. तिसऱ्या गुरुवारी ते उतरले. अर्जुना आतली माणसे बाहेर पडेपर्यंत थांबला, म्हाताऱ्यांना आत जाऊ दिले आणि झाडू आडवा धरून दारात उभा राहिला.

बाहेर चौघे-पाचजण खोळंबले. आत कोणाला दडवलंय रं, असे एकाने विचारले. फरशी धुतोय, अर्जुना म्हणाला. पाण्याचा आवाज तर येत नाही, असे दुसरा म्हणाला आणि थेट ठेकेदाराला फोन लावला.

थोड्याच वेळात ठेकेदार आला. त्याने माझ्यावरून बोट फिरवले. मी कोरडी होते.

"दार अडवून काय धंदा चालतो रं तुझा?"

अर्जुनाने खाली बघितले. खरे एका वाक्यात सांगता आले असते. ते त्याने सांगितले नाही. ठेकेदार तोट्या तपासून गेला. जाताना म्हणाला, माझी नजर आहे तुझ्यावर.

पुढच्या गुरुवारी म्हातारे दिसताच अर्जुनाने आधी माझ्यावर बादलीभर पाणी ओतले आणि मग झाडू आडवा धरला. बाहेरच्यांच्या नजरा त्याच्या पाठीत रुतत होत्या. तशाच नजरेने आम्ही दोघांनी त्या म्हाताऱ्यांकडे बघितले होते.

तोट्या कोणी नेल्या, ते मला आजही माहीत नाही. संशय मात्र चुकीच्या माणसावर घेतला, एवढे माहीत आहे. मित्रांनो, कुठल्या मुतारीच्या दारात कोणी झाडू आडवा धरून उभा दिसला, तर दोन मिनिटे थांबा. का, ते विचारू नका.